शिवालिकला जायच्या आधी महीच्या काठी बसा

बडोद्यात भूविज्ञानाला प्रवेश घेतलेली मुलं भेटली की विचारतात, "ताई, हिमालयाच्या पायथ्याच्या थरांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, बडोद्याजवळ मही नदीच्या काठी असलेल्या सिंधरोटपासून.

पावसाळा सरला की महीत वाळूची बेटं उघडी पडतात. एक थापी घ्या, वाळूत हातभर खोल उभा काप घ्या आणि त्याची भिंत हलक्या हाताने साफ करा. वरून सपाट दिसणाऱ्या वाळूच्या पोटात तिरप्या रेघा दिसतील, एकीला दुसरी रेललेली. त्या ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला पाणी वाहत होतं. मान वर करा, नदी समोरच आहे, पडताळून बघा. खडकात ही सोय नाही, तिथली नदी केव्हाच आटून गेलेली असते. (एकटं मात्र जाऊ नका, आणि धरणातून पाणी सोडणार आहेत का ते गावात विचारून घ्या.)

आता हिमालयाकडे. डोंगर उंचावत गेला तशी त्याच्या ओझ्याने भारतीय प्लेट (भारत ज्यावर बसलाय तो भूकवचाचा तुकडा) पुढच्या बाजूला वाकली आणि पायथ्याशी लांबच लांब खोलगट पट्टा तयार झाला. यालाच फोरलँड बेसिन म्हणतात. नद्या त्यात गाळ ओतत राहिल्या. गंगेचं मैदान म्हणजे आजही भरत असलेलं असंच बेसिन. शिवालिक म्हणजे त्याचा जुना भाग, साधारण १.८ कोटी वर्षांपूर्वीपासून साठलेला आणि पुढे रेटा बसून वर उचलला गेलेला. खालच्या शिवालिकमध्ये लालसर पंकाश्म (चिखलाचा झालेला खडक) आणि वालुकाश्म (वाळूचा खडक) आलटून पालटून येतात, मधल्यात करड्या वालुकाश्माचे जाडजूड थर, आणि वरच्यात गोटेच गोटे, म्हणजे पिंडाश्म. खालून वर कण जाड होत जातात, कारण डोंगर पुढे सरकत सरकत बेसिनच्या जवळ येत गेला. मला हे वर्गात कधी नीट उमगलं नव्हतं. डेहराडून-सहारनपूर रस्त्यावर मोहंडच्या कोरड्या ओढ्यातून, तिकडे त्याला 'राव' म्हणतात, चालत गेले तेव्हा पायांनाच कळलं.

त्याच ओढ्यात माझा एक अख्खा दिवस वाया गेला. तिरप्या रेघांची वीस मापं घेतली, दिशा आणि उतार व्यवस्थित लिहिले, पण मूळ थर स्वतः किती कललाय ते एकदाही लिहिलं नाही. शिवालिकचे थर उचलताना कललेले आहेत. तो कल गणिताने काढून थर पुन्हा आडवा केल्याशिवाय नदीची दिशा मिळत नाही. रात्री वही उघडली तेव्हा लक्षात आलं की ती वीसच्या वीस मापं निरुपयोगी आहेत. म्हणून कंपास (होकायंत्र) बाहेर काढलात की आधी थराचं माप, मग रेघांचं. आणि वहीत 'नदीचा थर' असं लगेच लिहू नका. रंग, कणांचा आकार, जाडी, खालची कड सपाट की खरवडलेली, एवढं आधी लिहा. अर्थ नंतर लावता येतो, न लिहिलेलं माप मात्र पुन्हा मिळत नाही.

पंकाश्माकडे मुलं दुर्लक्ष करतात, याचं मला फार वाईट वाटतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचा पूर आमच्या अंगणात शिरला होता. पाणी उतरल्यावर मी चिखलाचा एक तुकडा उचलून बघत बसले, तर आई म्हणाली, "अगं, चिखल काय बघतेस, बादली आण!" त्या तुकड्यात खाली बारीक रेती होती, वर लोण्यासारखा मऊ गाळ. चार दिवसांच्या उन्हात त्याला बहुकोनी भेगा पडल्या. पूरमैदान असंच थराथराने वाढतं, आणि अशाच भेगा पंकाश्मातही सापडतात. महीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, चुनखडीचे कंकर (खडे) मिळतात ना, तसेच खडे शिवालिकच्या जुन्या मातीतही आहेत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की दोन्ही फसफसतात.

नोकरीचं थोडक्यात सांगते. जीएसआयसाठी, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी, यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा असते, त्याला एमएस्सी लागते. संशोधनात जायचं तर नेट किंवा गेट परीक्षा. डेहराडूनच्या वाडिया या हिमालयाच्या भूविज्ञानाच्या संशोधन संस्थेकडे डोळे लावून बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे ते दाराशॉ वाडिया आपल्या बडोदा कॉलेजचेच विद्यार्थी. १९०७ मध्ये ते जम्मूला शिकवायला गेले आणि सुट्ट्यांमध्ये तिथले डोंगर पालथे घालू लागले.

पहिल्या सहलीला दहापट मोठं दाखवणारं भिंग दोरीने गळ्यात अडकवा, खिशात ठेवाल तर वाकताना पडेल. नमुन्याच्या पिशवीवर नंबर घाला आणि आत त्याच नंबरची चिठ्ठीही टाका, घामाने बाहेरची शाई पुसते. आणि दिवाळीनंतरचा एक रविवार सिंधरोटसाठी मोकळा ठेवा.