हात आखडताना या चुका टाळा

परवा खालच्या मजल्यावरची सूनबाई वही घेऊन आली. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झालीय, म्हणून तिने घरखर्चाला कात्री लावायचं ठरवलं होतं. वहीत लिहिलं होतं: दूध अर्धा लिटर कमी, पेपर बंद, पोराची बिस्किटं बंद. मी विचारलं, "हप्ते किती जातात?" म्हणाली, "काकू, ते हे बघतात." संपलं! दुधाचा हिशेब बायकोकडे, हप्त्यांचा नवऱ्याकडे आणि दोन्ही हिशेब एका कागदावर कधी येतच नाहीत, त्या घरात बिस्किटं बंद करून काय होणार?

मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. २०१९ साली गाड्यांचा धंदा बसला तेव्हा आमचे हे भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात कंत्राटी होते. आधी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाली. मग मोठ्या कंपन्यांनी 'ब्लॉक क्लोजर' लावले, म्हणजे महिन्यातले काही दिवस कंपनीच बंद, आणि त्यांना माल पुरवणाऱ्या आमच्यासारख्यांकडेही काम नाही. कंत्राटी माणसाला त्या दिवसांचा पैसा मिळत नाही. त्यातून जरा वर येतोय तोवर लॉकडाऊन. त्या दोन वर्षांत करता येतील तेवढ्या चुका मी केल्या. आता आमच्या बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असतो, तर त्याच चुका दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी नव्याने करून दाखवतं.

एकदम भरून ठेवलं की स्वस्त पडतं

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे आणि मोठ्या ऐटीत केली आहे.

ओटी बंद झाल्याबरोबर मी शहाणपणा केला. शेजारच्या तिघींना गोळा केलं आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात गेले. गव्हाचं पन्नास किलोचं पोतं, तीस किलो तांदूळ, दहा किलो तूरडाळ, अख्खे मूग आणि मटकी पाच-पाच किलो, शेंगदाणे पाच किलो, तेलाचा पंधरा किलोचा डबा, साखर, बेसन. टेम्पोच्या भाड्यासकट सात हजारांच्या आसपास गेले. किलोमागे चार-पाच रुपये वाचले म्हणून टेम्पोत बसून आम्ही चौघी हसत आलो. तारीख होती जूनची. पावसाळा तोंडावर.

ऑगस्टमध्ये पगार निम्मा आला. घरात धान्य गळ्यापर्यंत आणि हातात रोकड नाही. शाळेची फी तूरडाळीत भरता येत नाही. सिलिंडरवाल्याला गहू चालत नाहीत. शेवटी गटातून दोन टक्के महिन्याने पाच हजार उचलले. म्हणजे डाळीवर वाचवलेले पैसे मी व्याजात घातले. इकडे मुगाचा डबा उघडला तर भुंगे टणाटण उड्या मारतायत, एकेका दाण्याला भोक. मटकीची तीच गत. शेंगदाणे खवट. बेसनाला जाळी. गव्हात सोंडे निघाले ते ऊन दाखवून, चाळून, निवडून कसेबसे वाचवले. माझे चार रविवार त्यात गेले.

आणि तेल! यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगते. घरात पंधरा किलोचा डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. दर रविवारी भजी. जो डबा चार महिने जायला हवा होता तो अडीच महिन्यांत तळाला गेला.

आईच्या काळी वर्षाचं धान्य भरायचे ते एप्रिल-मे मध्ये, नवा माल आल्यावर, कडक उन्हात वाळवून. कोठ्या होत्या, निवडायला सहा हात होते, आणि मुख्य म्हणजे पैसे आधीपासून बाजूला ठेवलेले असत. आपण यातलं फक्त 'घाऊक घ्यायचं' एवढंच उचलतो. पैसा आटतोय असं दिसलं की तो धान्यात अडकवायचा नसतो, हातात ठेवायचा असतो.

आता मी काय करते? किराणा पंधरा दिवसांचा. यादी आधी, दुकान नंतर, आणि जेवण झाल्यावर जायचं, उपाशी पोटी नाही. अख्खी कडधान्यं पावसाळ्यात किलोच्या वर आणतच नाही. तेल महिन्याच्या एक तारखेला बरणीत मोजून ओतते आणि बरणीवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने चार रेघा मारते, आठवड्याला एक. रेघेच्या खाली तेल गेलं तर त्या आठवड्यात पुढे फक्त उकडलेलं आणि भाजलेलं. मुलगा याला 'तेलाचं रेशनिंग' म्हणतो. म्हणू दे. गहू मात्र मे महिन्यात भरते, तेही हातात पैसे असले तरच. दिवसभर कडक ऊन देऊन रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचे, मगच पिंपात भरायचे. संध्याकाळी गरम गरम भरून झाकण घट्ट लावलं की आत वाफ धरते आणि कीड आपण होऊन बोलावल्यासारखी येते. एवढा एक दिवस थांबायचाही लोकांना कंटाळा असतो.

"मिनिमम भरतोय की मावशी"

हे माझ्या भाच्याचं वाक्य. हिंजवडीत नोकरी होती, गेली. नवी मिळेपर्यंत क्रेडिट कार्डावर घर चालवलं. चाळीस हजार थकले. स्टेटमेंटवर लिहून येतं, कमीत कमी इतके भरा, म्हणजे साधारण पाच टक्के, दोन हजार. पोरगं दर महिन्याला इमानदारीत दोन हजार भरत होतं आणि समजत होतं की वीस महिन्यांत सगळं फिटेल.

मी त्याला वहीत मांडून दाखवलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धर. चाळीस हजारांवर झाले चौदाशे. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी दोनशे बावन्न. एकूण सोळाशे बावन्न. तू भरलेस दोन हजार. मूळ कर्जातून किती गेले? तीनशे अठ्ठेचाळीस. पोरगं गप्प बसलं. वर त्या महिन्यात त्याच कार्डावर किराणाही घेतला होता, 'कॅशबॅक मिळतो' म्हणून. एरवी कार्डाच्या खरेदीला बिल भरायच्या तारखेपर्यंत व्याज लागत नाही, पण जुनी थकबाकी असली की नव्या खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. घेतल्या दिवसापासून मीटर चालू. शंभर रुपयांच्या डाळीवर एक रुपया परत मिळतो म्हणून खूश व्हायचं आणि साडेतीन रुपये व्याज भरायचं!

गटाचं कर्ज आमच्याकडे महिना दोन टक्के. तेही स्वस्त नाही, पण कार्डापेक्षा बरं, आणि व्याज गटातच राहतं. सोनं गहाण ठेवून बँकेतून घेतलं तर त्याहून कमी पडतं. भाच्याने आईच्या पाटल्या बँकेत ठेवल्या, कार्ड एका झटक्यात फेडलं आणि बँकेचा हप्ता चालू केला. ताईचा चेहरा आठवडाभर पडलेला होता, पण पाटल्या दीड वर्षात सुटल्या. विकल्या असत्या तर गेल्याच होत्या. घाबरून सोनं मोडणारी माणसं मी बघितली आहेत, घडणावळ आणि घट जाऊन हातात काय येतं ते विचारा त्यांना.

कार्ड कुठे ठेवायचं? माझ्याकडे तांदळाच्या डब्याच्या तळाशी असतं. पण खरी मेख तिथे नाहीच. फोनमध्ये कार्डाचा नंबर जतन केलेला असतो, तो आधी सगळ्या ॲपमधून काढून टाका. प्रत्येक वेळी सोळा आकडे टाइप करायला लागले की निम्म्या गोष्टी नको वाटतात.

याचाच भाऊ म्हणजे हप्त्याची 'सुट्टी'. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते न भरण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. आमच्या इमारतीत निम्म्या लोकांना वाटलं हप्ते माफ झाले. माफ नव्हते, पुढे ढकलले होते, आणि व्याज चालूच होतं. पंचवीस लाख बाकी आणि साडेआठ टक्के दर असेल तर सहा महिन्यांचं नुसतं व्याज लाखाच्या वर जातं. नंतर सरकारने परत दिलं ते व्याजावरचं व्याज, मूळ व्याज नाही. ज्याचा पगारच थांबला होता त्याने ही मुभा घेतली ते बरोबर केलं. पण पगार चालू असताना ती घेऊन टीव्ही आणणारेही होते. नावं सांगत नाही, जिन्यात भेटतात.

वीजबिल: दिव्याच्या मागे लागणारे लोक

नऊ वॅटचा एलईडी विझवायला घरभर ओरडत फिरायचं आणि गिझर अर्धा तास चालू ठेवायचा, याला काय म्हणावं? दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. तेवढ्यात तो दिवा शंभर तासांच्या वर जळतो.

दुसरा गैरसमज, शंभर युनिट ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने येतं. नाही येत. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले शंभर पहिल्याच दराने धरतात, वरचे तेवढे पुढच्या टप्प्यात. पण त्या पुढच्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून कमी करायचं ते तिथलं. बिलाच्या मागे जाऊन टप्पे वाचा, ते छापलेले असतात. मी दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. आणि वीज वाचवायला लगेच तीन हजारांचा नवा पंखा आणू नका. तो वीज खरंच कमी खातो, पण त्याची किंमत वसूल व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. तंगीत खरेदी करून बचत करण्याचे सल्ले जे देतात त्यांना तंगी माहीत नसते.

बाकीच्या, पटापट

आरोग्य विम्याचा हप्ता चुकवणं. "यंदा राहू दे" म्हणून सोडला आणि उशिरा भरायला मिळणारे सवलतीचे दिवसही उलटले की जुन्या आजारांचा थांबण्याचा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, नव्या पॉलिसीत पहिल्यापासून मोजतात. साखर-बीपी असलेल्या घरात तर हे करूच नका. बाकी सगळं कापा.

पीपीएफ, म्हणजे बँकेतलं किंवा पोस्टातलं लांब मुदतीचं बचत खातं, बंद पडू देणं. वर्षाला पाचशे रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं.

दूध, डाळ, अंडी कमी करणं. पाकिटातल्या खाऱ्या गोष्टी आधी थांबवा. पावकिलो फरसाणाच्या पैशात घरभर अंडी होतात.

कडधान्य न भिजवता कुकरला लावणं. शिट्ट्या मोजत बसता आणि मग गॅस लवकर संपतो म्हणता. सिलिंडर लावल्याची तारीख त्याच्यावरच खडूने लिहा, म्हणजे किती दिवस गेला ते कळेल.

रेशनची लाज. नियमात बसत असाल तर माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. गावचं कार्ड असेल तर इथल्या दुकानातूनही उचलता येतं. आमच्याकडे एक बाई "लोक काय म्हणतील" म्हणून जात नव्हत्या आणि वाण्याकडे उधारी वाढवत होत्या. लोकांचं सोडा, वाणी काय म्हणत होता ते मला माहीत आहे.

फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप. याच्यावर मी एक शब्द जास्त लिहिणार नाही. नको म्हणजे नको.

पहिल्याच दिवशी सगळं कापणं. ही नव्या लोकांची खोड. सोमवारी चहासुद्धा बंद आणि शनिवारी वैतागून हॉटेलात बाराशेचं बिल. आधी पंधरा दिवस नुसतं लिहा, काहीही न कापता. कुणालाच धीर नसतो, सगळ्यांना पहिल्या दिवशी 'किती वाचले' ते हवं असतं.

घरात न सांगणं

सूनबाईला मी वही परत दिली आणि म्हटलं, नवऱ्याला घेऊन ये. रविवारी दोघं आले. फोन उघडून महिन्याला खात्यातून आपोआप काय काय जातं ते काढलं. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, आणि एक फोनचा हप्ता तिला माहीतच नव्हता. दोन ठिकाणी सिनेमा-मालिकांचे पैसे जात होते, त्यातलं एक घरात कुणी बघतच नव्हतं. एका जिमचे सुद्धा. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "काकू, हिला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही." ती म्हणाली, "आणि मी याला टेन्शन नको म्हणून दूध कमी केलं." अर्ध्या लिटरचं दूध पुन्हा चालू झालं, जिम गेली.

शेवटची चूक वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची. घरपट्टी, गाडीचा विमा, शाळेची फी, गणपती, दिवाळी, भाऊबीज. दरवर्षी त्याच सुमारास येतात आणि दरवर्षी लोक म्हणतात, "अचानक खर्च आला हो." गणपती अचानक येतो का? मी चैत्रात बसून सगळ्यांची बेरीज करते, बाराने भागते आणि तेवढे पैसे दर महिन्याला बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकते. निम्मा महिना उलटल्यावर डबा खुणावतो, म्हणून किल्ली यांच्याकडे. यंदा त्यात गौरींच्या साड्यांचे पैसे बसले नाहीत. मागच्या वर्षीच्याच नेसवणार आहे. गौरींना चालतं, नणंदेला चालतंय का ते बघायचं.