केमोत हिमोग्लोबिन घसरलं तर

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या केमोच्या आधी एक दिवस दुधाची पिशवी घेऊन वर येताना अर्ध्या जिन्यात मी पायरीवरच टेकले. शिवाय एक खूळ लागलं होतं, फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावायचं. तोंड आलंय म्हणून गार बरं वाटत असेल, अशी माझी समजूत. डॉक्टरांना सहज बोलले, तर त्यांनी लगेच लोहाच्या तपासण्या लिहून दिल्या. बर्फ, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा असलं ‘फालतू’सुद्धा सांगून टाका.

केमोआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, होतेच. आकडे वहीत एकाखाली एक लिहा. माझं हिमोग्लोबिन 11.4, मग 10.3, मग 9.1. बायकांचं 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया. पण म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नका. केमोची औषधं रक्त तयार करणाऱ्या मज्जेलाच दाबतात. त्यामुळे हिमोग्लोबिन पडलं असेल तर नुसत्या लोहाने ते चढत नाही.

कारण कळायला फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते), दोन्ही हवेत. माझं फेरिटिन 64. नणंद रिपोर्ट बघून म्हणाली, “वहिनी, नॉर्मल आहे की!” तसं नसतं. आजारात शरीरात दाह असला की फेरिटिन फुगून दिसतं, म्हणून कर्करोगात ते 100 च्या खाली असलं तरी डॉक्टरांना लोह कमी असल्याची शंका येते. सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या वर हवं. माझं 11 होतं.

आधी गोळ्या दिल्या. मी शहाणी त्या सकाळच्या चहाबरोबर घेत होते! चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेतलेलं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासा-दोन तासांनी. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट झाली तर कळवा. उलटी थांबवायच्या गोळीने आधीच बद्धकोष्ठ झालेलं, त्यात लोहाने भर घातली. शेवटी सलाईनमधून लोह दिलं, तेही ‘लाल औषधाच्या’, म्हणजे डॉक्सोरुबिसिनच्या, दिवशी नाही. दोन्ही एकाच दिवशी देणं टाळतात. दिवस तुमचे डॉक्टर ठरवतील. बर्फाचं खूळ आधी गेलं, आकडा नंतर हलला.

सगळे नातेवाईक बीट घेऊन येतात. रंग रक्तासारखा, लोह मात्र बेताचंच. त्यापेक्षा हळिवाचे लाडू, मटकीची शिजवलेली उसळ वर लिंबू पिळून, चालत असेल तर मटण. आमटी लोखंडी कढईत केली, त्यात चिंच-आमसूल पडलं, तर थोडं लोह त्यातूनही उतरतं. कच्ची मोडाची कडधान्यं आणि बाहेरचे रस केमोत नकोत, पांढऱ्या पेशी कमी असतात, संसर्ग पटकन होतो. आणि नुसत्या लाडवांवर 9 चं 12 होत नाही, हे सासूबाईंना मीच समजावलं.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हिमोग्लोबिन 7-8 च्या खाली गेलं की रक्त चढवावं लागू शकतं.