एल बियरची एफिशियन्सी (धान्यातली किती साखर हाती आली ते) मोजताना नमुना आधी गार करा

इंदूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की त्यानं वॉर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड अर्क) गार करणं म्हणजे थट्टाच. मी एकदा 40 अंशांवरच हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारी तरंगती नळी) सोडला. 1.039 दिसलं, आणि माल्ट जाडं भरडलं म्हणून उगाच चक्कीवर खापर फोडलं. हायड्रोमीटर बहुधा 20 अंशांसाठी आखलेला असतो. 40 ला साधारण 0.006 कमी दाखवतो. खरा आकडा 1.045 होता.

हिशेब असा: पॉइंट म्हणजे घनतेतले 1 नंतरचे हजारांश (1.045 चे 45) गुणिले लिटर. पेल (फिकट) माल्टचे किलोमागे जास्तीत जास्त 300 पॉइंट धरा. 4 किलोचे 1200. हाती आलं 20 लिटर गुणिले 45, म्हणजे 900. एफिशियन्सी 75 टक्के. गरम नमुन्यावर तीच 65 भरते! नमुना स्टीलच्या पेल्यात काढा, झाका, बर्फाच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा.

हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) सढळ हातानं घालणार असाल तर त्यांचा चोथा दोन-एक लिटर सहज पितो. म्हणून लिटर मोजायचे ते उकळी थांबल्यावर, भांड्यातच, आणि गार होताना आकसणारे 4 टक्के वजा करायचे. चोथ्यानं प्यायलेलं माल्टच्या खात्यावर मांडू नका. पुढच्या खेपेला तेवढा वॉर्ट जास्त धरा. (अबकारी परवान्याचं मात्र आधी बघा.)