पुण्यातनं न्यू जर्सीला खरंच किती तास लागतात, हिशोब असा करा

मुलं तिकडे आणि आईबाबा पहिल्यांदाच निघालेत, अशा घरात कोणीतरी पटकन सांगून टाकतं की सोळा तासांचं विमान आहे. पण पुणेकराचा प्रवास कोथरूड नाहीतर हडपसरमधनं गाडी निघाली की सुरू होतो, म्हणून हिशोब तिथूनच धरायचा.

आधी अंतर बघू. मुंबई ते न्यूयॉर्क (न्यू जर्सी त्याला लागूनच) हवाई अंतर साधारण १२,५०० किमी आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, दोरा थेट पश्चिमेला न जाता पार उत्तरेकडनं नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने जातो, सगळ्यात जवळचा रस्ता तोच. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला तर १४ तास होतात, त्यात टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरनं धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), चढण-उतरण, बंद हवाई हद्दींमुळे पडणारा वळसा आणि समोरचा वारा मिळवा, म्हणजे १५-१६. येताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावर पश्चिमेकडनं पूर्वेकडे जोरात वाहणारा, वारा मागून ढकलतो, त्यामुळे साधारण तास-दीड तास वाचतो.

आता तिकिटावरची वेळ. मुंबईहून रात्री १:३० ला सुटलं आणि नेवार्कला (न्यू जर्सीतलं विमानतळ) त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोचलं असं दिसलं की लोक गोंधळतात. दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या असतात, म्हणून सगळं भारतीय वेळेत आणा. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे ७:३० ला आपल्याकडे संध्याकाळचे ५, झाले साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हाच फरक साडेदहा होतो, तेवढं लक्षात ठेवा.

दुबईमार्गे गेलात तर किमी जेमतेम चारशे-साडेचारशेने वाढतात, पण ३ तास आणि साधारण १४ तास अशी दोन विमानं, वर मधला थांबा, म्हणजे २० तास सहज होतात. तरी गुडघे दुखणाऱ्यांना मी हाच पर्याय सुचवेन, मध्ये पाय मोकळे होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, १५ तारखेचं रात्री १:३० चं विमान म्हणजे घरातनं निघायचं १४ तारखेला संध्याकाळी!! विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, घाटातल्या ट्रॅफिकसकट रस्त्याचे चार-पाच तास धरा, म्हणजे ५:३० ला कॅब दारात हवी. तिकिटावर कुठलं विमानतळ आहे तेही वाचा, आता नवी मुंबईचंही सुरू झालंय. तिकडे इमिग्रेशन, बॅगा, घरापर्यंतची गाडी याला दोन तास, म्हणजे दारापासून दारापर्यंत २५-२६ तास झाले.

हा आकडा बीपी-शुगरवाल्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांना सांगाच, कारण गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा त्यावरनं ठरतात. गोळ्या हॅन्डबॅगेत प्रिस्क्रिप्शनसकट ठेवा, आणि एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या.

परतीची कॅब विमान उतरल्यावर दीड-दोन तासांनीची सांगा, आणि उतरायची तारीख दुसऱ्या दिवशीची असते ती ड्रायव्हरला नीट लिहून पाठवा.