‘विद्येचे माहेरघर’ कुठे ठेवावं, कुठे खोडावं

पुण्याच्या दैनिकात डेस्कवर बसणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. रिपोर्टरची कॉपी येते: ‘विद्येचे माहेरघर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुणे शहरात काल सायंकाळी सिंहगड रस्त्यावर दुचाकी घसरून...’ दुचाकी घसरायला माहेर लागत नाही, सांडलेलं ऑइल पुरतं. ‘सिंहगड रस्त्यावर’पासून वाक्य सुरू करा, आधीचं सगळं खोडा.

या बिरुदात विद्या ही लेक आहे आणि पुणे तिचं माहेर, जिथे तिचे लाड होतात. म्हणून नुसती कॉलेजं मोजून ते लावू नका. बातमीत विद्येचे लाड कुणी, कसे केले हे दिसलं तरच ते शोभतं. उदाहरणार्थ, पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्यातलाच पैसा वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. त्या वाड्यावर लिहिताना बिरूद खुशाल वापरा. १८८५च्या फर्ग्युसनवर लिहितानाही चालेल, पण तिथे ते सगळेच वापरतात.

माझ्या मते ते सगळ्यात जास्त शोभतं भिडेवाड्याला. १८४८ साली तिथे फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. पण तिथे लिहिताना एक पथ्य पाळा: शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर याच माहेरात शेण आणि दगड फेकले गेले, तेही त्याच परिच्छेदात येऊ द्या. नाहीतर बिरूद नुसतंच गोड होतं.

आता टोमणा. ‘विद्येच्या माहेरघरात कोयता गँग’ हे हेडिंग पहिल्यांदा ज्याने दिलं, त्याला दाद मिळाली असेल. आता खून, चोरी, खड्डे, सगळ्यांनाच ते लागतं आणि कुणाला झोंबत नाही. टोमणा राखून ठेवा पेपरफुटीसाठी, गळक्या छताच्या शाळेसाठी, वसतिगृह न मिळालेल्या पोरांसाठी.

हेडिंगमध्ये ‘माहेरघरात’ आलं की ‘पुण्यात’ नको, वाचकाला कळतं. ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ आणि ‘सांस्कृतिक राजधानी’ त्याच वाक्यात कोंबू नका. एका शहराला एका वाक्यात एक बिरूद पुष्कळ झालं. ‘शिक्षणाचे माहेरघर’ही टाळा, त्यात ती लेक हरवते आणि सरकारी खातं उरतं.

बोलताना पुणेकर हे बिरूद सरळ कधीच वापरत नाही. वापरलंच तर मागे एक ‘म्हणे’ लागतं: “विद्येचं माहेरघर म्हणे!” कुणाचं असं बोलणं छापत असाल तर ते ‘म्हणे’ खोडू नका, सगळा अर्थ त्यातच आहे. आणि उद्घाटनाचे पाहुणे भाषणात हे म्हणणारच. त्यांचं वाक्य अवतरणात घ्यायचं असेल तर भाषणातलं दुसरं एखादं निवडा.