उडी आधी, चित्र मागून : जागल्याचा पिक्सेल गेम घरच्या लॅपटॉपवर कसा करायचा

तुरीच्या वावरात जागलीला बसलेल्या माणसाचं काम काय? मचाणावर बसायचं, डबा वाजवायचा, बॅटरी मारायची आणि रानडुकरं शिरली की बोंबलत धुऱ्यावरून पळायचं. एका रात्री तिथं बसल्या बसल्या वाटलं, हा तर बनाबनाया गेम आहे. मचाण म्हणजे उडी मारून चढायची फळी, विहीर म्हणजे पडून मरायचा खड्डा आणि हातात गोफण. लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून ज्यांनी मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले, त्यांना आणखी सांगायला नको.

सामान थोडंच लागतं. एखादा जुना लॅपटॉप, एक माउस आणि दोन सॉफ्टवेअर : गेम जुळवायला गोडो, चित्र काढायला लिब्रेस्प्राइट. दोन्ही फुकट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा उतरवून घेतली की पुढं नेट नसलं तरी चालतं, आणि आपल्याकडे तेच महत्त्वाचं. गोडोत नवा प्रोजेक्ट उघडताना ‘कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडा. जुन्या मशीनला तोच झेपतो.

मग पडद्याचं माप. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ३२० बाय १८० पिक्सेल, म्हणजे पडद्याचे ठिपके, टाका. १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा होता, म्हणजे आपण त्याच घरातले. ३२० बाय १८०ला चारनं गुणलं की १२८० बाय ७२० होतात, आणि जुन्या लॅपटॉपच्या १३६६ बाय ७६८च्या पडद्यात ते बरोबर बसतात. ताणायची पद्धत ‘व्ह्यूपोर्ट’ आणि पट ‘इंटिजर’ ठेवा, नाहीतर काही ठिपके जाड आणि काही बारीक दिसतील. टेक्श्चरचा, म्हणजे चित्राचा, फिल्टर ‘निअरेस्ट’ करा. हे विसरलात तर सगळं चित्र धुक्यातून पाहिल्यासारखं पुसट दिसतं, आणि दोष आपल्या चित्रात आहे असं समजून माणूस उगाच तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत बसतो.

आता मुख्य काम. चित्र काढू नका. सोळा बाय सोळाचा एक पांढरा चौकोन घ्या, तोच तुमचा जागल्या. खाली काळी पट्टी, ती जमीन. हा चौकोन उड्या मारताना मजा येत नसेल, तर त्याला कितीही देखणं धोतर नेसवा, गेम मेलेलाच राहील. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. पंधरा दिवस मिशा आणि मुंडासं रंगवत बसलो आणि उडी मात्र दगडासारखी.

गोडोत ‘कॅरेक्टरबॉडी टूडी’ला, म्हणजे खेळातल्या गड्याच्या सांगाड्याला, चालण्याची तयार स्क्रिप्ट मिळते. तिच्यात वेग सेकंदाला ३०० पिक्सेल आणि उडी उणे ४०० असते. आपल्या छोट्या पडद्यावर त्या वेगानं गडी सेकंदाभरात या टोकाचा त्या टोकाला जातो, म्हणून आकडे आपणच काढायचे. उडी साडेतीन खणांची हवी, एक खण १६ पिक्सेलचा, म्हणजे उंची ५६. वर पोचायला ०.४ सेकंद द्या. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग : ७००. उडीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ : २८०. गोडोत खाली जाणं अधिक आणि वर जाणं उणे असल्यामुळे तो उणे २८० लिहायचा. पळण्याचा वेग १२० ठेवा. खाली पडताना गुरुत्व दीडपट करा. उडी तरंगत नाही, पाय घट्ट टेकतात. या आकड्यांनी गडी आडवा साधारण पाच खण जातो. म्हणून पहिली विहीर तीन खणांची, नंतरची चारची. पाचची विहीर फक्त शेवटी, जिरवायची असेल तर.

बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा वेग अर्धा करा, म्हणजे छोटी उडीही जमते.

एवढं झाल्यावर लॅपटॉप पारावर नेला. एक पोट्टा खेळता खेळता तापला, “हा काहून मेला बे? म्या त बटन दाबलं होतं!” त्याचं खरं होतं. त्यानं दाबलं होतं, पण कड सुटल्यावर क्षणभर उशिरा. यावर जुना उपाय आहे, त्याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात : अमेरिकी कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्याच्या पुढं गेला तरी खाली पाहीपर्यंत पडत नाही, त्यावरून. कड सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मान्य करा. तसंच जमिनीला टेकायच्या ०.१ सेकंद आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवा आणि पाय टेकताच उडी द्या. दुसऱ्या दिवशी तोच पोट्टा म्हणाला, “आता बराबर झाला.” काय बदललं ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

गोफणीला गरगर फिरवणं हवंच. बटण दाबून धरलं की फिरते, सोडलं की खडा सुटतो. जास्त धरलं तर लांब जातो. खडा लागला की सगळा गेम तीन-चार फ्रेम (पडद्यावर भराभर बदलणारं एकेक चित्र म्हणजे फ्रेम) थांबवा आणि डुक्कर एक फ्रेम पांढरं करा. एवढ्याशा थांबण्यानं माराला वजन येतं. डुकरानं धडक मारण्याआधी अर्धा सेकंद खुरानं माती उकरली पाहिजे. इशारा न देता मारणारा शत्रू खेळणाऱ्याला लबाड वाटतो.

आता काढा चित्र. रंग बाराच घ्या आणि ते वावरातूनच आणा : काळी माती, फुटलेल्या बोंडाचा पांढरा, तुरीच्या फुलाचा पिवळा, पळसाचा केशरी. पऱ्हाटीचं एकच झाड काढून रंग बदलत वापरा; १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडूप हा एकच आकार आहे, फक्त रंग वेगळा. अडचण डुकराची येते. काळ्या मातीवर काळं डुक्कर दिसतच नाही. त्याच्या पाठीच्या आयाळीवर एक पिक्सेल जाडीची फिकट रेघ ओढा, जणू चांदणं पडलंय. चित्र बरोबर झालं का, हे दोन हात लांबून डोळे बारीक करून पाहायचं.

पातळी, म्हणजे गेमचा एकेक टप्पा, रचताना नवी गोष्ट आधी बिनधोक जागी दाखवा. पहिलं डुक्कर सपाट धुऱ्यावर, दुसरं विहिरीपलीकडे, तिसरं आलं की वर मचाण आणि मागून रोही (नीलगाय). पाटी लावून शिकवू नका. पोट्टे पाटी वाचत नाहीत.

रोज काम संपलं की पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर तारीख टाकून ठेवा. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. ऐन रंगात लाइन गेली आणि मचाणाची अख्खी पातळी गेली. आता दर दहा मिनिटांनी बोटं आपोआप कंट्रोल-एसकडे जातात.

गेम फोनवर द्यायचा तर गोडोचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे गेम बाहेर काढायचे तयार साचे, लागतात. ती फाइल भली मोठी असते, तालुक्याला चांगलं नेट मिळेल तेव्हाच उतरवा. सोबत अँड्रॉइडसाठी जावा आणि एसडीके, म्हणजे अ‍ॅप बनवायची साधनं, हेही लागतं. पडद्यावरची बटणं अंगठ्याएवढी ठेवा आणि उडीचं बटण उजव्या कोपऱ्यात. पारावरच्या पोट्ट्यांनी ते डावीकडे मागितलं होतं. दोघांनी खेळून पाहिलं आणि निमूटपणे परत उजवीकडे करायला लावलं.