टेरेसवरची बाग: आधी बसायची जागा, मग झाडं

पुण्यात फ्लॅटला लागून दहा बाय बाराची टेरेस असेल, तर मे महिना तयारीचा धरा. नर्सरीत जायच्या आधी एक खुर्ची घ्या आणि सकाळच्या चहाला, संध्याकाळी दिवेलागणीला वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून बघा. जिथे वारा लागतो आणि समोरच्यांची खिडकी थेट डोळ्यांत येत नाही, तिथे बैठक. झाडं तिच्या भोवतीने लावायची. आमच्याकडे पहिल्या वर्षी आधी कुंड्या आल्या आणि शेवटी पाय ठेवायला जागा राहिली नाही.

मग ऊन. सकाळी नऊ, दुपारी बारा, चार अशा वेळी सावलीच्या कडा खडूने आखून ठेवा. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो; त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे थंडीत गार असणाऱ्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर तेव्हा ऊन येतं आणि तिथलं नेचं करपतं.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या. पाणी जायचं तोंड बंद करून टेरेसवर दोन इंच पाणी 48 तास साठवून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन त्यांचं छत बघून या. ओल दिसली तर वॉटरप्रूफिंग आधी, बाग नंतर. उतार दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि केरसुणीही फिरते.

वजनाचं मला फार वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ओली माती फूटभर जाडीने पसरली तर चौरस मीटरला साधारण 500 किलो भरते. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार 150 किलोच्या आसपास धरतात. म्हणून वाफे बांधायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वीटसुद्धा रचू नका. मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवा. त्यांत निम्मा कुजलेला पालापाचोळा, बाकी कोकोपीट, शेणखत आणि थोडी माती घाला. मूठभर घेऊन दाबा: गोळा व्हावा आणि बोट लावताच सुटावा.

झाडं मोजकीच. आडोशाला जाळीवर मधुमालती, बसल्या जागी हाताशी गवती चहा आणि पुदिना, रात्रीच्या वासाला जाई. मऊ पिवळा दिवा एकच, पायापाशी. नळ जवळ नसेल तर प्लंबरला आत्ताच बोलवा. बादल्या वाहून बाग टिकत नाही.

जूनच्या पहिल्या सरीआधी पाणी जायच्या तोंडावरची जाळी उचलून आतला पाला काढा. कठड्याच्या फटीत पिंपळाचं दोन पानांचं रोप दिसलं तर तेव्हाच मुळासकट उपटा. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला ओतून, घासून पालथ्या घाला. त्या साठलेल्या पाण्यातच डेंग्यूचे डास वाढतात.